कॉपीत नसलेल्या आठ ओळी

परकार सरांनी प्रूफ चार घड्या घालून पाकिटातून आणलं होतं. मुलुंडला आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात, माझ्या टेबलावर त्यांनी ते ठेवलं.

"सोळावं पान," ते म्हणाले. "तुला शब्द दिला होता, आधी तू वाचायचंस. मी उघडलेलंसुद्धा नाही."

मी घड्या उलगडल्या. वाचून झालं. पुन्हा वाचलं. पानाच्या तळाशी आठ ओळींची जागा कोरी होती.

"सर, यात बाबांचं काहीच नाही."

"असं कसं? नीट बघ."

मी नीटच बघितलं होतं. तरी कागद उलटून मागची बाजू पाहिली. तिथे काही असायचं कारण नव्हतं.

बाबांना जाऊन तेव्हा एकवीस दिवस झाले होते. १९८६चा फेब्रुवारी संपत आला होता.

माझे वडील, जयवंत धुरी, अंधेरीला मरोळच्या बाजूच्या एका छापखान्यात जुळारी होते. समोर लेखकाचं हस्तलिखित, त्याला छापखान्यात कॉपी म्हणतात, ते बघून शिशाचे खिळे एकेक उचलायचे, त्यांचे शब्द करायचे, शब्दांच्या ओळी, ओळींचं पान. अडतीस वर्षं त्यांनी हे केलं. रद्द झालेली प्रूफं ते घाटकोपरला घरी आणत. पाठकोऱ्या बाजूवर मी गणितं करायची आणि छापलेली बाजू वाचून काढायची. कितीतरी कादंबऱ्या मी सतराव्या पानापासून बत्तिसाव्या पानापर्यंतच वाचल्या आहेत. पुढे ग्रंथपाल झाले, पण त्यांतल्या काहींची सुरुवात मला अजून माहीत नाही. बाबांनी लोकांचं इतकं जुळवलं, स्वतःचा एक शब्द मात्र कधी जुळवला नाही. शेवटच्या आठवड्यात जुळवला, असं सर सांगत होते.

सर म्हणजे इब्राहिम परकार. मूळचे दापोलीकडचे, जोगेश्वरीत राहणारे, महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेले. निवृत्त झाल्यावर त्यांनी अरबी नव्याने शिकायला घेतली आणि कुराणातल्या फक्त दोन आयतींवर बत्तीस पानांची मराठी पुस्तिका लिहिली. पुनरुत्थानाच्या दिवसाबद्दलच्या त्या आयती आहेत. माणसाला वाटतं का, की आम्ही त्याची हाडं गोळा करणार नाही? का नाही? त्याच्या बोटांची टोकंसुद्धा नीट करायला आम्ही समर्थ आहोत.

सरांचा प्रश्न एवढाच होता की हाडांनंतर एकदम बोटांची टोकंच का. जुन्या भाष्यकारांत काहींनी म्हटलं होतं, 'नीट करणं' म्हणजे सपाट करणं, उंटाच्या पावलासारखी सगळी बोटं एक करून टाकणं. काहींनी म्हटलं होतं, सगळ्यांत बारीक हाडंसुद्धा जागच्या जागी बसवणं. आणि सरांच्या जमातीतली शिकलेली तरुण मुलं म्हणत होती की हा उल्लेख बोटांच्या ठशांचा आहे, तसंच छापा. सर ऐकत नव्हते. "शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांना विचारावा," असं ते म्हणत. तो शब्द, ते क्रियापद, कुराणात आणखी कुठे कुठे आणि कोणाच्या शेजारी येतं, तेव्हाच्या ऐकणाऱ्याच्या कानाला ते कसं लागलं असेल, हे त्यांनी पान पान मांडलं होतं. त्या ऐकणाऱ्याला पोलीस चौकीतली शाई माहीत नव्हती, असं एक वाक्य तिसऱ्या पानावर आहे.

बाबांचं तेरावं झाल्यावर सर भेटायला आले तेव्हा त्यांनी मला हे सांगितलं होतं: "तुझ्या वडिलांना मी ठशांची गोष्ट सांगितली. तर त्यांनी दोन्ही अंगठे माझ्यासमोर धरले. म्हणाले, मग माझं काय सर? फंडाच्या कचेरीत तीनदा अंगठा लावला, तिन्ही वेळा नुसता काळा डाग. कारकून म्हणाला, तुम्हाला ठसाच नाही. मला काय मग न उठवता तिथेच ठेवणार?"

सर हे सांगताना हसले होते आणि मग त्यांनी चष्मा काढला होता.

"त्यानंतर दोन दिवसांनी म्हणाले, सर, तुमचं नीट करणं मला समजलं. मी म्हटलं, सांगा. तर म्हणाले, बोलता येणार नाही, जुळवता येईल. सोळाव्या पानाखाली आठ ओळींची जागा उरते. मी म्हटलं, जयवंतराव, ती जागा तुमची. कागदावर काही नव्हतंच, शुभा. उभ्या उभ्या खिळ्यांत लिहिलं त्यांनी."

मला त्या आठ ओळी का हव्या होत्या, हे सांगायला हवं. शेवटचे तीन आठवडे बाबा बोलत नसत. कामावरून येत आणि गॅलरीत बसून स्वतःच्या बोटांकडे बघत. आई विचारायची, "काय बघता हो एवढं?" ते म्हणत, "काही नाही गं." मी बघत होते आणि विचारत नव्हते. ते गेल्यावर त्यांच्या शर्टाच्या खिशात डॉक्टरची चिठ्ठी सापडली. हृदयाचं होतं. त्यांना माहीत होतं, आम्हाला नव्हतं. तेव्हापासून माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. ते तीन आठवडे त्यांना भीती वाटत होती का? एकट्याने ते घाबरत बसले होते आणि मी शेजारच्या खोलीत पुस्तक वाचत होते, असं झालं होतं का?

ते कुठे लिहिलं असेल तर त्या आठ ओळींत.

मी पर्स उचलली. "सर, आत्ता जाऊ या."

"जायलाच हवं," सर म्हणाले. "शेठनी छापखाना ऑफसेटवर न्यायचं ठरवलंय. माझ्या पुस्तिकेची जुळलेली पानं तेवढी छापून होईपर्यंत ठेवणार, बाकी सगळे खिळे वितळवायला द्यायचेत. आज संध्याकाळी पाचला लॉरी येते म्हणाले."

पवईच्या रस्त्याने रिक्षा हळूहळू चालली होती. सर मांडीवर पाकीट धरून बसले होते. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते आणि प्रत्येक वेळी दोनच मिनिटं झालेली असत.

छापखान्यात अर्धं सामान बांधलेलं होतं. मालक चंद्रप्रकाश शेठ पायरीवर उभे राहून हमालांना ओरडत होते. मला बघून त्यांचा आवाज उतरला.

"सोळावं पान? ते त्याच्या जोडीच्या धाकूने पुरं केलं. जयवंताचं काम मी करणार, कोणी हात लावायचा नाही म्हणाला. गॅलीवर आहे बघ."

लांबट लोखंडी तबकात ते पान सुतळीने बांधून ठेवलं होतं. प्रूफात होतं तेवढंच. वर फळीवर, स्वच्छ पांढऱ्या कापडात गुंडाळलेला, अरबी आयती छापायचा धातूचा ब्लॉक होता. कापड बाबांच्या जुन्या धोतराचं होतं, मी ओळखलं. ब्लॉक पायाशी ठेवायचा नाही म्हणून त्यांनी तो सगळ्यांत वर ठेवला होता.

"धाकूकाका कुठे आहेत?"

"घरी. आज शेवटचा दिवस त्याचा. बारा वाजता पेढे वाटले आणि गेला कांदिवलीला."

सव्वा वाजला होता. सर बाबांच्या केससमोरच्या स्टुलावर बसले. केस म्हणजे खिळ्यांचा उतरता लाकडी पेटारा, एकेका अक्षराला एकेक खण.

"तू जाऊन ये," सर म्हणाले. "मी इथून हलत नाही. केस न्यायची तर मास्तरसकट न्या म्हणावं."

धाकूकाका कांदिवलीतल्या पोईसरला राहत. मालवणकडचे, बाबांच्याच वाडीच्या शेजारचे. बाबा आणि ते तीस वर्षं पाठीला पाठ लावून उभे होते. मी पोचले तेव्हा ते जेवत होते आणि रुक्मिणीकाकी वाढत होती.

"ये गो शुभा. बस. जेवलंस?"

"काका, सोळाव्या पानावरच्या शेवटच्या आठ ओळी कुठे गेल्या?"

त्यांचा घास हातातच राहिला. "तुका कोणी सांगितल्यान?"

"म्हणजे होत्या ना?"

त्यांनी काकीकडे बघितलं, मग ताटाकडे. "होत्यो. पण कॉपीत नाय होत्यो. मी दोनदा कॉपी लावून बघितलंय. कॉपी संपता थंय पान संपाक व्हया. ह्यो आठ ओळी जास्तीच्यो. म्हटलंय, जयवंतो चुकलो. दुसऱ्या कामाचो मजकूर घुसलो. अडतीस वर्षांत एकदा चुकलो आणि तोय जाताना. लोकांका कळला असता तर?" त्यांचा आवाज खाली आला. "त्येचा नाव खराब होऊक नको म्हणान मीच मोडलंय. खिळे खणात टाकलंय. कोणाक सांगूक नाय."

"चुकले नव्हते, काका. त्या ओळी त्यांच्याच होत्या. कॉपी नव्हतीच. त्यांनी थेट जुळवल्या."

धाकूकाका उठले, मोरीत जाऊन हात धुतले. पाणी बंद केलं, पुन्हा सोडलं, पुन्हा धुतले.

"'मी' होता," ते मोरीतूनच म्हणाले. "पयलोच शब्द 'मी'. जयवंतो आणि 'मी' म्हणतलो? म्हणानच तर माका वाटला दुसऱ्या कोणाचा."

"तीस वर्षां एकामेकांच्या पाठीक पाठ लावून उभे," काकी म्हणाली, "आणि इचारूक तोंड नव्हता दोघांकय. बायकांनी तीस मिनटांत सगळा सांगितला असता."

"गप गो."

"आता कसली गप? त्या पोरीक सांग काय होता ता."

"आठवतंय का, काका?" मी विचारलं. माझा आवाज मला परका वाटला. "मोडताना वाचावं लागतं ना?"

खिळे परत खणात टाकायचे तर शब्द वाचावाच लागतो, नाहीतर कुठलं अक्षर कुठे टाकायचं कळत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. एवढ्या एका आशेवर मी कांदिवलीपर्यंत आले होते.

"वाचतंव, पण डोक्यात नाय ठेवणंव. अर्थ बघूक लागलो तर हात थांबता." त्यांनी ओला उजवा हात वर धरला. "माका नको इचारू. ह्येका इचार. पण केस होयी. केस नसली तर हो आंधळो."

"केस पाच वाजता जाणार आहे."

काकीने त्यांच्या अंगावर शर्ट टाकला.

हायवेवर गोरेगावजवळ एक टँकर आडवा झाला होता. रिक्षा वीस मिनिटं जागची हलली नाही. धाकूकाका ओठ हलवत होते. मी काही विचारलं की हात वर करून गप्प बसवत. मध्येच म्हणाले, "बोलू नको, पोरी, हातात आसा ता पण जायत." मग मी बाहेर बघत राहिले. मागे कुठलीही मोठी गाडी दिसली की मला वाटे, हीच लॉरी.

लॉरी आमच्या आधी पोचली होती. दोन हमालांनी पलीकडच्या भिंतीच्या केसी उचलून नेल्या होत्या. सर स्टुलावर बसले होते, दोन्ही हात केसच्या कडेवर ठेवून. एक हमाल त्यांच्यासमोर उभा होता.

"चाचा, उठो ना यार. पाच के पहले खाली करना है."

"पाचला अजून पस्तीस मिनिटं आहेत," सर शुद्ध मराठीत म्हणाले. "आणि मी चाचा नाही, मास्तर आहे. तिकडचं उचल आधी."

धाकूकाका केससमोर उभे राहिले. चष्मा काढून खिशात ठेवला. डावा हात पुढे धरला, मोडायची ओळ धरतात तसा, रिकामा. उजव्या हाताची दोन बोटं आणि अंगठा त्या हवेतून काहीतरी उचलू लागली आणि खणांवरून फिरू लागली. वर, डावीकडे, खाली. माझ्याकडे सोळाव्या पानाचं प्रूफ होतं. ते उलटं करून मी पेन्सिल धरली.

"मी," ते म्हणाले. बोटं फिरली. "जु... मी जुळारी आहे. मला अरबी येत नाही."

बाबांचं बोलणं असंच होतं. मी लिहीत गेले. कधी हात थांबायचा, मागे यायचा, पुन्हा त्याच वाटेने जायचा आणि मग शब्द सुटायचा. हमाल बाजूला उभे राहून बघत होते. शेठही आत आले होते. पंधरा मिनिटांत माझ्या कागदावर हे आलं:

'मी जुळारी आहे. मला अरबी येत नाही. सरांनी अर्थ सांगितला तो असा, की आधी हाडं गोळा होतील आणि मग बोटांची टोकं नीट केली जातील. खिळे गोळा करणं कोणालाही जमतं. ओळ उचलली तरी पडू नये इतकी नीट बसवणं, हे शेवटचं काम, आणि ते बोटाच्या टोकालाच कळतं. माझी टोकं झिजली आहेत. ती कशाने झिजली हे ज्याला माहीत आहे, त्याला ती पुन्हा करता येतील. हे समजल्यापासून मला भीती'

हात थांबला.

"पुढे?"

हात खणांवर अधांतरी राहिला. मागे आला. पुन्हा 'मला भीती'पर्यंत गेला आणि थांबला.

"वाटते, की वाटत नाही?" मी विचारलं. "काका, एवढंच. वाटते की वाटत नाही?"

धाकूकाकांच्या कपाळावर घाम आला होता. "शेठान हाक मारल्यान तेव्हा," ते म्हणाले. "हयसर पोचलंय आणि हाक इली. उरलेली ओळ मुठीत घेऊन गेलंय. इल्यावर तशीच एकेक खिळो बघून टाकलंय. शब्द वाचूकच नाय."

शेठ खाली बघू लागले. त्यांची काही चूक नव्हती.

मी केसकडे बघितलं. ते खिळे तिथेच होते. एकही हरवला नव्हता. प्रत्येक आपापल्या खणात, आपल्यासारख्या शेकडो खिळ्यांत जाऊन पडला होता. बाबांनी शेवटी उचललेला 'न' त्यात होता की नव्हता, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं.

"वाटत नाय," धाकूकाका एकदम म्हणाले. "वाटत नाय असाच होता. घाल तसा."

"नक्की?"

त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं. बराच वेळ.

"नाय," ते म्हणाले. "नक्की नाय, पोरी."

सर उठून माझ्याजवळ आले. "शुभा, तू मुलगी आहेस त्यांची. तुला जे खरं वाटतं ते लिही. पुस्तक माझं आहे, मी हो म्हणतो."

मला लिहिता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं. घरी आई वाट बघत होती, तिला हे वाचून दाखवायचं होतं आणि ती 'पुढे काय' म्हणून विचारणार होती. 'वाटत नाही' लिहिलं तर ती रात्री झोपेल. कदाचित मीही. आणि मग कधीतरी बाबांचं म्हणून मी माझंच वाक्य वाचत बसेन, आणि ते तीन आठवडे माझ्यासाठी कायमचे पुसले जातील.

"सर, मला जे खरं वाटतं ते मला माहीतच नाही," मी म्हटलं. "कॉपीत नाही ते घालायचं नाही."

धाकूकाकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. ज्या नियमाने त्यांनी त्या ओळी मोडल्या, तोच मी त्यांना परत देत होते. मला तो टोमणा म्हणून म्हणायचा नव्हता. त्यांनाही तसा तो लागला नसावा, कारण त्यांनी लगेच स्टिक उचलली. ओळ जुळवायची ती लोखंडी पट्टी, बाबांचीच.

"कागद धर हयसर. उजेडात."

ते जुळवू लागले. बाहेर लॉरीवाल्याने हॉर्न दिला. शेठ पायरीवर जाऊन त्याला म्हणाले, "अरे थांब ना, आग लागलीये का कुठे!" धाकूकाकांचा हात इतक्या वेगाने चालला होता की मला अक्षरं दिसत नव्हती, फक्त टिकटिक ऐकू येत होती. सात ओळी झाल्या. आठव्या ओळीत 'मला भीती' आलं आणि त्यांनी स्टिक माझ्या हातात दिली.

"पुढची जागा मोकळी सोडूक नाय चालत," ते म्हणाले. "मोकळी सोडलंस तर ओळ उचलताना पडतली, आणि ह्यो सातय घेऊन पडतली. कोरे खिळे घाल. ते छापूक येणत नाय, पण ओळ धरून ठेवतत."

त्यांनी खालचा खण दाखवला. मी एकेक कोरा खिळा घेऊन 'भीती'पुढे लावला. चौथा बसला आणि थोडी फट राहिली. बोटाने दाबलं तर ओळ हलली.

"सैल आसा. पातळ घाल एक."

मी पातळ घातला. तो जाईना. नखाने ढकलला, मग बोटाच्या टोकाने, हळूहळू, दुखेपर्यंत. तो खाली गेला.

"आता उचल, पानात ठेवूक," धाकूकाका म्हणाले.

सरांनी आपली ओंजळ खाली धरली. मी ओळींच्या दोन्ही टोकांना अंगठे आणि बोटं लावली, बाबा लावायचे तशी, आणि उचलली.